सहा महिने झाले की पुढं हात येत नाही म्हणतात, खरं का?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६२ वर्षांचे, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव, भाताची शेती आणि दोन म्हशी. साडेतीन महिन्यांपूर्वी पहाटे उजव्या अंगावरून वारं गेलं. गुठळीनं मेंदूची रक्तवाहिनी बंद झाल्याचं निदान झालं. आता काठी धरून अंगणापर्यंत चालतात, पण उजवा हात मांडीवर पडून असतो, बोटं मिटतात पण उघडत नाहीत, आणि बोलताना शब्द सापडत नाही. दवाखान्यात पहिले दोन दिवस झोपवूनच ठेवलं, त्यात वेळ गेला का? पाहुणे म्हणतात सहा महिन्यांत आलं तेवढं आलं. स्टेम सेल, रोबो, मानेतल्या नसेचं यंत्र यांबद्दल वाचलं. शेताचा तुकडा विकून करावं का?

शेत विकू नका. बाकीचं सावकाश सांगते, पण हे पहिल्या ओळीत. जमीन विकून लांबच्या शहरात पंधरा-वीस दिवस राहून आलेली घरं मी बघितली आहेत. परत आल्यावर हात होता तिथंच होता, आणि रोज व्यायाम करून घेणारा मुलगा कर्ज फेडायला गोव्याला कामाला गेला होता.

मी फिजिओथेरपिस्ट. बेळगावात २३ वर्षं झाली, बहुतेक संध्याकाळी स्कूटरवरून घरोघरी जाण्यात गेल्या. गोळ्या बदलणं माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं. हात, पाय, खांदा आणि घरच्यांची दमछाक यांबद्दल मात्र बोलू शकते.

आधी ते दोन दिवस. वारं गेलेल्या माणसाला लवकरात लवकर उभं करायचं, असं आम्हीही एके काळी मानत होतो. मग २०१५ साली ‘ॲव्हर्ट’ नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. ५ देश, ५६ दवाखाने, २,१०४ रुग्ण. एका गटाला पहिल्या २४ तासांत, जास्त वेळा आणि जास्त वेळ अंथरुणाबाहेर काढलं, दुसऱ्याला नेहमीच्या पद्धतीनं. तीन महिन्यांनी चांगले सावरलेले घाईच्या गटात ४६ टक्के निघाले, नेहमीच्या गटात ५० टक्के. आम्ही तोंडात बोट घातलं. नेहमीच्या गटालाही बहुतेक दिवसाभरात उठवलंच होतं, त्यामुळं दोन दिवस झोपवणं चांगलं असं काही यातून निघत नाही. पण पहिल्याच दिवशी ओढून उभं केलं असतं तर बाबांचा हात वाचला असता, असंही निघत नाही. ते ओझं उतरवा.

आता सहा महिन्यांची गोष्ट. ती पूर्ण खोटी नाही, म्हणूनच टिकून आहे. अमेरिकेत २०२१ साली एक छोटा पण नीट आखलेला अभ्यास झाला, ७२ रुग्णांचा. नेहमीच्या उपचारांखेरीज हाताचा २० तासांचा जादा सराव द्यायचा, फक्त देण्याची वेळ वेगवेगळी: कुणाला पहिल्या महिन्यात, कुणाला दोन-तीन महिन्यांच्या दरम्यान, कुणाला सहा महिन्यांनंतर. सगळ्यात जास्त फायदा दोन-तीन महिन्यांच्या गटाला झाला. पहिल्या महिन्यातल्यांना थोडा कमी. सहा महिन्यांनंतर ज्यांना दिला त्यांच्यात आणि जादा सराव न मिळालेल्यांत फरक दिसला नाही.

तुम्ही शेतकऱ्याचं पोर, तुम्हाला वाफसा सांगायला नको. पाऊस पडून गेल्यावर जमीन एका विशिष्ट ओलीला येते, तेव्हा कुळव कसा लोण्यातून जातो. मेंदूचंही तसंच काही दिवस असतं. तुमच्या बाबांचा वाफसा सरत आलाय, अगदी गेलेला नाही. म्हणून पुढचे दोन महिने पाहुणचार, लग्नं, जत्रा बाजूला ठेवून सरावाला द्या.

आणि वाफसा गेला म्हणून रान पडीक टाकतं का कोणी? ज्यांनी सहा महिन्यांनंतर जादा मेहनत घेतली त्यांचेही आकडे आहेत. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या केंद्रात तीन आठवड्यांत ९० तास फक्त हातावर काम करतात. तिथल्या २२४ रुग्णांचा अहवाल २०१९ मध्ये आला. झटका येऊन, म्हणजे वारं जाऊन, निम्म्यांना १८ महिने किंवा त्याहून जास्त झालेले लोक होते ते, आणि त्यांचा हात सुधारला, सहा महिन्यांनी तपासलं तरी सुधारणा टिकलेली होती. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवायचं. तरीही वीस तासांनी जे होत नाही ते नव्वद तासांनी होऊ शकतं, असं मी त्यातून घेते. म्हणजे पाहुण्यांचं वाक्य असं दुरुस्त करा: सहा महिन्यांनंतर फुकटात मिळणारं संपतं.

किती सराव म्हणजे सराव, हा खरा प्रश्न. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ३१२ उपचार-सत्रं शेजारी बसून मोजली. हाताच्या कामाची पुनरावृत्ती एका सत्रात सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला शेकड्यांनी कराव्या लागतात, आणि आम्ही बत्तीस करून ‘आजचं झालं’ म्हणतो! तो लेख वाचला त्या आठवड्यात मी माझ्या स्वतःच्या घरभेटी मोजल्या. आकडा सांगायची लाज वाटते.

पण नुसता आकडा वाढवला की झालं, असंही नाही. त्याच संशोधकांनी २०१६ मध्ये सहा महिन्यांपेक्षा जुन्या ८५ रुग्णांना एकूण ३,२००, ६,४०० आणि ९,६०० पुनरावृत्ती अशा वेगवेगळ्या मात्रा देऊन बघितल्या. जास्त मात्रेला जास्त फायदा, अशी सरळ चढण काही दिसली नाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर मला असं वाटतं: तीसवर थांबणं हा निष्काळजीपणा आहे, आणि मन दुसरीकडं ठेवून हजार वेळा हात हलवणं ही हमाली. काम ओळखीचं हवं, जेमतेम जमेल इतकं अवघड हवं, आणि जमलं की थोडं आणखी अवघड करायला हवं.

जांबोटीकडच्या एका घरात हे मी शिकले. आजोबांचा डावा हात होता. मी रबरी चेंडू दिला होता, तो कोनाड्यात धूळ खात पडला. एके दिवशी गेले तर आजी काजू बिया निवडत बसली होती आणि आजोबा त्या ढिगाकडं बघत होते. चेंडू राहिला, आम्ही बिया घेतल्या. डाव्या हातानं एक बी उचलायची, टोपलीतून सुपात टाकायची. नातू शेजारी दोन वाट्या घेऊन बसला. प्रत्येक बीला एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. पहिल्या दिवशी एकोणीस चिंचोके झाले आणि आजोबा घामाघूम. महिन्याभरानं शंभराची वाटी दोनदा भरायला लागली. मग सूप लांब सरकवलं, मग उंच पाटावर ठेवलं, मग बियांऐवजी शेंगदाणे आले. हात पूर्ण आला का? नाही. पण तांब्या धरायला आला आणि लुंगीची गाठ मारायला आला, आणि आजोबांना तेवढंच हवं होतं.

तुमच्या बाबांची बोटं उघडत नाहीत, त्यामुळं बिया उचलणं आज जमणार नाही. चांगला हात बांधून ठेवून दुबळ्या हाताकडूनच काम करून घ्यायची एक पद्धत आहे. २००६ च्या एका अभ्यासात २२२ रुग्णांवर ती उपयोगी ठरली. पण मनगट आणि बोटं थोडी तरी आपणहून वर उचलता आली तरच. तोवर उगाच चांगला हात बांधून माणसाला लाचार करू नका.

त्याऐवजी आरसा घ्या. न्हाव्याच्या दुकानात असतो तेवढा पुरे. टेबलावर दोन हातांच्या मध्ये उभा ठेवायचा. उजवा, म्हणजे पडलेला हात आरशामागं लपवायचा, डावा आरशासमोर. आरशात बघितलं की उजवाच हात हलतोय असं दिसतं. डाव्या हातानं मूठ उघड-मीट, मनगट वर-खाली, आणि त्याच वेळी मागचा उजवाही तसाच हलवायचा प्रयत्न. रोज वीस-तीस मिनिटं, टीव्ही बंद करून. पोरखेळ वाटतो, पण २०१८ साली ६२ अभ्यास आणि १,९८२ रुग्ण एकत्र करून केलेल्या आढाव्यात हाताची हालचाल सुधारायला त्याचा उपयोग होतो असं निघालं. खर्च आरशाचा. बोटं उघडण्यासाठी विजेच्या सौम्य झटक्यांचं छोटं यंत्रही असतं, ते मात्र जवळच्या फिजिओथेरपिस्टला विचारून.

खांद्याबद्दल जरा रागानंच लिहिते. आपल्याकडं घराघरात आढ्याला कप्पी टांगतात, दोरीची दोन टोकं दोन हातांना, आणि चांगल्या हातानं ओढून पडलेला हात वर! कुणीतरी सांगितलेलं असतं, कधी आमच्यातल्याच कुणीतरी. हे करू नका. अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत डोक्यावरच्या कप्पीचा व्यायाम करू नये असं स्पष्ट आहे. ज्या खांद्याला स्नायूंचा आधार नाही तो असा ओढला की आतला भाग चिमटतो, दुखणं सुरू होतं, आणि दुखऱ्या खांद्याचा माणूस मग कुठलाच व्यायाम करू देत नाही. बसवताना-उठवताना बगलेत हात घालून किंवा दंड धरून ओढायचं नाही. कमरेला धरा. बसले असताना हाताखाली उशी. तेलाचं मालिश हलक्या हातानं करायला माझी ना नाही, बरं वाटतं माणसाला. पण मालिश म्हणजे व्यायाम नव्हे, त्यात बाबांचा मेंदू काहीच करत नसतो. आणि पारव्याचं रक्त चोळायला कुणी सांगितलं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता एक अडचणीची गोष्ट. ‘घरच्यांना शिकवा, घरच्यांनीच करून घ्या’ हे मी कैक वर्षं छातीठोकपणे सांगत आले. आपल्याच देशात त्याची परीक्षा झाली. ‘अटेंड’ नावाचा अभ्यास, १४ दवाखाने, १,२५० रुग्ण, निकाल २०१७ मध्ये. घरच्या एका माणसाला दवाखान्यातच व्यायाम शिकवून घरी करून घ्यायला सांगितलं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन याचं प्रमाण शिकवलेल्या गटात ४७ टक्के आणि न शिकवलेल्या गटातही ४७ टक्के. जराही फरक नाही.

मी तो निकाल पुनःपुन्हा वाचला. घरच्यांचा उपयोग नाही असा अर्थ मी काढत नाही. ज्या सुनेला पहाटे धारा काढायच्या, डबा करायचा, रोपं लावायला जायचं, तिच्या हातात एक पत्रक देऊन ‘आता तू फिजिओ’ म्हणणं हा उपचार नव्हे, एवढा अर्थ मात्र काढते. तेव्हापासून मी पद्धत बदलली. घरच्यांनी उपचार करायचे नाहीत, मोजायचं. काय करायचं आणि कधी अवघड करायचं ते मी किंवा माझ्यासारखं कुणीतरी दर आठ-पंधरा दिवसांनी बघून ठरवणार. रोज मोजणारा मात्र एकच, ठरलेला माणूस, आणि तो शक्यतो घरातला सगळ्यात दमलेला माणूस नको. शाळकरी नातवंडं यात फार पक्की असतात, एक चिंचोकासुद्धा फुकट सोडत नाहीत.

बोलण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली, पण मला वाटतं बाबांना हातापेक्षा तेच जास्त लागत असेल. इथं आपल्या भागाचा एक पेच आहे. घरात मराठी, बाजारात आणि ऑफिसात कन्नड. दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट चित्र दाखवून विचारते, ‘इदु एनु?’, आणि पोरगं बाजूनं म्हणतं, ‘मराठीत सांगा बाबा.’ एका घरी मी म्हशीचं चित्र दाखवलं. गृहस्थ कपाळावर हात मारत राहिले, ‘ते... ते ओ...’ आणि एकदम म्हणाले, ‘एम्मे!’ कन्नडमध्ये म्हैसच. मुलानं लगेच टोकलं. टोकू नका. ज्या भाषेतला शब्द आधी हाताला लागतो तो घ्या, मान डोलवा, आणि मग आपण सहज म्हणा, ‘हां, म्हैस.’

हैदराबादच्या निम्स संस्थेतल्या ६०८ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये आला होता. झटक्यानंतर ज्यांची विचारशक्ती, स्मरण वगैरे शाबूत राहिली असे लोक दोन भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के, एकच भाषा बोलणाऱ्यांत १९.६ टक्के. बोलणं जाण्याच्या प्रमाणात मात्र दोघांत फरक नव्हता. सीमाभागात दोन भाषांनी आपल्याला भांडणंच जास्त दिली. इथं तरी त्या उपयोगाला आल्या म्हणायच्या.

बोलण्यालाही सहा महिन्यांची भिंत नाही. जर्मनीत २०१७ मध्ये १५८ रुग्णांवर, सगळे सहा महिन्यांपेक्षा जुने, तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास सराव दिला, आणि रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. इतके तास देणारी थेरपिस्ट खानापुरात कुठून आणायची, हे मलाही कळतं. म्हणून रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याच आयुष्यातल्या गोष्टी घ्या: म्हशींची नावं, डेअरीतला हिशोब, शेताचे बांध. प्रश्न विचारून पूर्ण दहा आकडे मनात मोजेपर्यंत गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड जातं घरच्यांना. बाबा भजन सलग म्हणतात पण पाणी मागता येत नाही, असं दिसलं तर ढोंग समजू नका. पाठ असलेलं मेंदूतून वेगळ्या वाटेनं येतं.

यंत्रांचं आता भराभर. मानेतल्या व्हेगस नसेला जोडलेलं यंत्र खरं आहे. गळपट्टीच्या हाडाखाली बसवतात आणि रुग्ण हात हलवत असताना थेरपिस्ट बटण दाबून नसेला विजेचा सूक्ष्म धक्का देते. २०२१ मध्ये १०८ रुग्णांचा अभ्यास आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. हातात लक्षात येण्याजोगी सुधारणा ४७ टक्के लोकांत, आणि यंत्र बसवून धक्का न दिलेल्या गटात २४ टक्के. दोन्ही गटांनी सहा आठवडे प्रत्येक सत्रात शेकड्यांनी हालचाली केल्या होत्या. म्हणजे धक्क्याशिवाय, नुसत्या सरावावरही जवळपास चौघांतला एक सुधारला. तो अभ्यास झटक्याला किमान नऊ महिने झालेल्यांवर होता, त्यामुळं बाबांसाठी आज तो प्रश्नच नाही. हाताचा सराव करून घेणाऱ्या रोबोचं काय? ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये ७७० रुग्णांवर तपासलं, नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कामात फरक पडला नाही. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचण्याचा उपचार? आपल्याच देशात १२० रुग्णांवर २०१४ मध्ये तपासलं, फायदा दिसला नाही, आणि आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर अभ्यासाबाहेर स्टेम सेल उपचार द्यायलाच नकोत. पैसे घेऊन कुणी देत असेल तर तो अभ्यास नव्हे.

शेवटी ज्याचं मला हातापेक्षा जास्त भय वाटतं, तो दुसरा झटका. बरं वाटायला लागलं की बीपीची गोळी बंद करणारे मी दर महिन्याला बघते. २००१ मध्येच ६,१०५ रुग्णांवर सिद्ध झालंय की झटक्यानंतर बीपी कमी ठेवलं तर दुसऱ्या झटक्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटतं. घरात बीपीचं मशीन आणा, दंडावर बांधायचं, आणि वहीत लिहा. मिठाबद्दल चीनमधला २०२१ चा अभ्यास मला फार आवडतो, कारण तो खेड्यांतच झाला: ६०० गावं, जवळपास २१ हजार माणसं, बहुतेकांना आधी झटका येऊन गेलेला. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं. त्या गावांत झटके १४ टक्क्यांनी कमी झाले. किडनीचा त्रास असेल किंवा काही ठरावीक बीपीच्या गोळ्या चालू असतील तर मात्र हे मीठ धोक्याचं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. लोणचं, पापड, खर्डा कमी करायला कुणाला विचारावं लागत नाही.

तंबाखू. निपाणीकडच्या तंबाखूवर किती घरं उभी राहिली ते मला माहीत आहे, माझं माहेरही त्यातलंच. तरी चंची उचलून ठेवा.

आणि दुसरा झटका आलाच तर? आधी ठरवून ठेवा. तोंड वाकडं, हात पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी गावच्या डॉक्टरकडं सलाईन लावण्यात वेळ घालवू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आता टेनेक्टेप्लेज हे एकदाच टोचायचं औषध आलंय, आधीच्या तासभर चालणाऱ्या औषधापेक्षा ते कमी नाही हे २०२२ मध्ये कॅनडातल्या अभ्यासानं दाखवलं. मोठी नस बंद असेल तर काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत तारेनं गुठळी काढता येते, म्हणून ‘झोपेतच झालं, आता उशीर झाला’ असं स्वतःच ठरवू नका. शेवटचं धडधाकट कधी बघितलं ती वेळ लिहा. मेंदूच्या सीटी स्कॅनआधी ॲस्पिरिन नाही, कारण रक्तस्राव असेल तर घात होईल. पाणी, कांदा, काही तोंडात नाही.

रात्री दोन वाजता सीटी चालू असलेला जवळचा दवाखाना कुठला, हे या आठवड्यात फोन करून विचारा. तुम्हाला बेळगाव, पण निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं. १०८, त्याखाली गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर, त्याखाली दवाखान्याचा, आणि बाबांच्या चालू गोळ्यांची नावं. मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या मागं चिकटवा, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल असं.